एका ओळीत चारच

१०

"हात लावू नको," काकू म्हणाल्या. "सुरू करायचं झालं तर मी करीन. नाहीतर जसं आणलंस तसं मिटून घेऊन जा."

मी बोट मागे घेतलं. लोणच्याच्या बरण्या बाजूला सारून लॅपटॉप जेवणाच्या टेबलावर ठेवला होता. पडद्यावर नुसता निळा रंग होता आणि कोपऱ्यात एक चौकोनी ठिपका लुकलुकत होता.

"आई, घाट उतरून आलाय तो कोल्हापूरहून," वृंदाताई म्हणाल्या. "जरा गोड बोल की."

"गोडच बोलतेय. दोन आंबे खाल्ले ना त्याने?"

"तीन," मी म्हणालो.

"बघ. तीन." काकूंनी चष्मा काढला, पदराने पुसला, परत घातला. "मला फक्त एवढं सांग. ह्यात तो तसाच असेल का? त्या मशीनवर होता तसाच?"

"अगदी तसाच," मी अभिमानाने सांगितलं. "तेच तर माझं काम आहे."

'तो' म्हणजे खेळ, असं मी धरून चाललो होतो.

२०

वेंगुर्ल्याच्या त्या घरी मी पहिल्यांदाच आलो होतो. वृंदा रेडकर सावंतवाडीला बँकेत होत्या, आमची ओळख फक्त ईमेलवरची. त्यांचे वडील जहाजावर रेडिओ ऑफिसर. एका फेरीत त्यांनी सिंगापूरहून एक कॉम्प्युटर आणला होता. नुसता की-बोर्डच तो, टीव्हीला जोडायचा. प्रोग्रॅम कॅसेटवर ठेवायचे, गाणी ठेवतो तसे; नाहीतर वीज गेली की सगळं पुसलं जायचं. धाकट्या भावाने, निनादने, त्यावर स्वतः एक खेळ तयार केला होता. मशीन खाऱ्या हवेने कधीच खाल्लं होतं. कॅसेट तेवढी उरली होती.

मी त्याच जातीच्या मशीनचा इम्युलेटर लिहीत होतो. दिवसा नोकरी होती, सुट्टीच्या दिवशी हे वेड. आजच्या कॉम्प्युटरला जुन्या कॉम्प्युटरचं सोंग घ्यायला लावायचं, म्हणजे जुने खेळ त्याला आपल्याच घरी आल्यासारखे वाटतात आणि चालू लागतात. त्यातही माझा सगळा जीव अडकला होता तो चित्र काढणाऱ्या चिपमध्ये. ती चिप अडखळायची कुठे, चुकायची कुठे, रंग कुठे सांडायची, हे सगळं मला जसंच्या तसं हवं होतं. लोक मेल पाठवायचे, अरे, एवढी गती आहे आता, त्या चुका काढून टाक की. मी त्यांना उत्तरही देत नसे.

कॅसेट कुरिअरने आली. तिच्यावरचा आवाज साफ करून त्यातून प्रोग्रॅम परत मिळवायला मला हिवाळाभर लागला. शेवटी तो उघडला. पुढे जाणार तेवढ्यात मला वृंदाताईंची अट आठवली. त्यांनी लिहिलं होतं: 'उघडतो एवढंच बघा. खेळू नका. आधी आईने खेळायचं आहे.'

मला वाटलं, म्हाताऱ्या माणसाची हौस. मुलगा अमेरिकेत असेल. त्या पिढीतली कॉम्प्युटर येणारी मुलं तिकडेच असतात. आई इथे खेळणार, फोटो काढून तिकडे पाठवणार. मी अट पाळली.

३०

"हे सोंग आहे गो आई," वृंदाताई समजावत होत्या. "दशावतारात आपला पोस्टमन सीता व्हायचा ना, तसं. आत हा नवा कॉम्प्युटर आहे, पण बाहेरून निनादचा."

"पोस्टमनची सीता विडी ओढायची पडद्यामागे."

"हा नाही ओढत."

काकूंनी खुर्ची पुढे ओढली. एक बोट ताठ करून त्यांनी कळ दाबली.

पडदा काळा झाला. मग वरून खाली रेघ रेघ करत एक घर उमटत गेलं. आता खेळ क्षणात उभे राहतात; तेव्हा ते भरायला वेळ लागायचा, आणि मी तो वेळही ठेवला होता. वर स्वयंपाकघर. खाली पडवी. मध्ये जिना असावा असं काहीतरी. पडवीत जमिनीला लागून एका रांगेत पाट. वर इंग्रजी अक्षरांत मराठी शब्द: पंगत.

"अगो बाई," काकू हळूच म्हणाल्या.

मग माणसं आली. छोटी, ठोकळ्यांची. तुम्ही बाण दाबाल तिकडे चालते ती आई. अंबाडा मोठा, लुगडं हिरवं. बाकीचे घरभर इकडेतिकडे. आईने जवळ जाऊन हाक मारली की ते खाली उतरतात आणि आपापल्या पाटावर बसतात. सगळे बसले की आईने स्वयंपाकघरातून एकेक ताट आणून वाढायचं. एवढाच खेळ.

"ही मी?" वृंदाताई ओरडल्या. "फ्रॉक घातलाय मेल्याने मला! कॉलेजात होते मी तेव्हा!"

"तू वागायचीसच तशी."

"आणि बाबा बघ. कॅप्टनची टोपी! बाबा कधी होते गो कॅप्टन?"

"घरी आले की व्हायचे," काकू म्हणाल्या, आणि तिघंही हसलो.

आजी कंबरेत वाकलेली होती. तिला हाक मारली तरी ती लगेच यायची नाही. दोनदा मारावी लागायची. "बहिरी होती," वृंदाताईंनी मला सांगितलं. "तेवढंसुद्धा घातलंय त्याने." पाटावर बसून वाट बघून कंटाळली की ताई टाळू खाजवायची. बाबा उगाच घड्याळ बघायचे. मला त्या पोराचं कौतुक वाटायला लागलं. वेबसाइटवर ह्या खेळाबद्दल काय लिहायचं त्याची वाक्यं मी मनात जुळवत होतो.

शेवटी माळ्यावरून एक मुलगा आला. निळी चड्डी, केस उभे. तो उड्या मारत जिना उतरला आणि रांगेच्या टोकाला, दाराजवळच्या पाटावर बसला.

हसणं थांबलं होतं. ते कधी थांबलं ते माझ्या लक्षात आलं नाही.

"त्याची जागा," काकू म्हणाल्या. "वारा लागतो म्हणून तिथेच बसायचा."

टेबलाच्या पलीकडे खरी पडवी होती. दाराजवळ आता पादत्राणांचं कपाट होतं.

४०

बाबा   आजी   ताई   निनाद

असे ते बसले होते. वर स्वयंपाकघरात हिरव्या लुगड्यातली आई. काकूंनी तिच्या हातात पहिलं ताट दिलं आणि तिला जिन्याने खाली आणलं. तिने पडवीत पाऊल टाकलं.

आई   बाबा   आजी   ताई

शेवटचा पाट रिकामा.

काकूंनी आईला परत एक पायरी वर नेलं.

बाबा   आजी   ताई   निनाद

खाली आणलं.

आई   बाबा   आजी   ताई

वर. तो आहे. खाली. तो नाही. त्या पुन्हा पुन्हा तेच करत राहिल्या. पाय जमिनीला टेकत आले की मुलगा डोक्याकडून खाली पुसला जायचा, आणि आई माघारी फिरली की पायांकडून वर उमटायचा. जणू दारातून बाहेर गेला आणि ती नाही असं बघून परत आला.

"बरोबर आलं!" मी म्हणालो.

काय सांगू. तीन महिने त्या एका गोष्टीसाठी डोकं फोडलं होतं मी, आणि ती इथे, दुसऱ्याच कोणाच्या खेळात, कोणी न सांगता हुबेहूब उतरली होती. मी टेबलावर हात आपटला. बरण्या वाजल्या.

दोघीही माझ्याकडे बघत होत्या.

"काय बरोबर आलं?" काकूंनी विचारलं.

५०

"हो," त्यांनीच मग पडद्याकडे वळून म्हटलं. "असाच. असाच जायचा."

"आई?"

"तो गेला त्यानंतर मी हे खूप खेळले, वृंदा. तू हॉस्टेलवर परत गेलीस. तुझे बाबा आले, महिनाभर राहिले, परत बोटीवर गेले. आजी झोपलेली असायची. मी दुपारी टीव्ही लावायची आणि कॅसेट घालायची. सुरू कसं करायचं ते त्यानेच शिकवलं होतं."

"मला वाटायचं, आपलं सोबतीला म्हणून लावतेस."

"सगळ्यांना हाक मारायची. सगळे यायचे. तो पण यायचा. आणि मी ताट घेऊन खाली गेले की उठून जायचा." काकूंचा आवाज शांत होता, मुलांना पाढा सांगावा तसा. "पहिल्यांदा वाटलं मशीन बिघडलं. मग रोज तेच. बाकी कोणी जात नाही. बाबा बसतात, तू बसतेस. मी जवळ गेले की तो एकटाच जातो. मी मागे फिरले की बसलेला."

"त्याला वाढलं नाहीस कधी?" वृंदाताईंनी विचारलं.

"कुणाला वाढू? रिकाम्या पाटाला? रिकाम्या पाटावर ताट कधी मांडतात गो?"

वृंदाताईंनी पडद्याकडे बघितलं.

"मग मी खाली जाणंच सोडलं. हिला वर स्वयंपाकघरात उभी करायची आणि बघत बसायची. तिथून दिसायचा. टीव्ही तापून वास यायला लागेपर्यंत बसायची मी. मग एक दिवस ते मशीन लागेनासंच झालं." त्यांनी कळीवरचं बोट उचललं. "त्यानेच केलेला खेळ. त्यानेच ठरवलं असणार ना, कोणी जवळ आलं की उठून जायचं ते? तेवीस वर्षं मला एकच कळत नाही. माझ्या हातचं एवढं नको झालं होतं त्याला?"

आत्ता माझ्या डोक्यात उजेड पडला. अमेरिका वगैरे काही नव्हतं.

वृंदाताईंनी हळू आवाजात मला सांगितलं, मी तिथे नसल्यासारखं आणि तरी मलाच. सतरा वर्षांचा होता. मे महिना. भर दुपारी न जेवता घरातून गेला. बंदराच्या धक्क्यापलीकडच्या खडकांवर त्याला कोणीतरी बसलेला पाहिलं होतं. दुसऱ्या दिवशी मच्छीमारांना सापडला. पाय घसरला की त्याने सोडून दिलं स्वतःला, हे बघायला तिथे कोणी नव्हतं.

"पोहता यायचं त्याला," काकू म्हणाल्या. "म्हणूनच विचारतेय."

६०

"काकू," मी म्हणालो, "तो जात नाही."

त्यांनी मान वळवली.

"तो तिथेच आहे. त्या मशीनला तो काढता येत नाही."

मला नीट सांगता येईना. सवय होती ती असल्याच वेड्यांशी बोलायची. शेवटी मी टेबलावर बरण्या ओळीने मांडल्या. आंबा, लिंबू, मिरची, करवंद. म्हटलं, ती चिप चित्र काढते ते आडव्या ओळींनी, वरून खाली. चालती माणसं वेगळी ठेवते, ह्या बरण्यांसारखी, आणि ओळ काढायच्या वेळी उचलून त्यात बसवते. पण तिचे हात तोकडे. एका ओळीत ती चारच उचलू शकते. पाचवा आला तर ती त्याला सोडून देते. तक्रार करत नाही, चूक दाखवत नाही. नुसता काढत नाही.

"आई स्वयंपाकघरात असली की पडवीत चार. ती खाली आली की पाच."

"मग तोच का?" काकूंनी विचारलं. "बाबा का नाही? टोपीसकट गेले असते."

"प्रत्येकाला नंबर असतो. ज्याने खेळ लिहिला तो देतो. पहिल्या चार नंबरांना जागा मिळते." मी लॅपटॉप माझ्याकडे वळवला, खेळ थांबवला आणि त्याने लिहिलेल्या ओळी उघडल्या. ते आधी बघायला हवं होतं, पण मला चित्रातच रस होता. "हे बघा. पहिला नंबर आई. मग बाबा. आजी. ताई. शेवटचा त्याचा स्वतःचा."

काकू त्या आकड्यांकडे बघत राहिल्या. प्राथमिक शाळेत गणित शिकवलं होतं त्यांनी.

"मला शेवटी ठेवलं असतं तर?"

"तर पडवीत पाऊल टाकलं की तुम्ही दिसेनाशा झाला असता."

"मग तसं करायचं होतं ना."



बोलण्याऐवजी मी केलं. माझ्या इम्युलेटरमध्ये एक पर्याय होता, लोकांच्या कटकटीला कंटाळून घातलेला: एका ओळीत चारच, हो की नाही. मी 'नाही' केलं. खेळ परत सुरू केला, सगळ्यांना भराभर बसवलं, ताट घेऊन आईला खाली आणलं.

आई   बाबा   आजी   ताई   निनाद

तो बसलेला होता. आई त्याच्याकडे चालत गेली, अगदी जवळ गेली, आणि तो तसाच बसून राहिला, केस उभे, तोंड दाराकडे.

वृंदाताईंनी तोंडावर हात धरला. मी मनाशी म्हटलं, झालं. ह्याचसाठी तर मी आलो होतो. आता काकू रडतील.

काकू रडल्या नाहीत.

"हे कोणी केलं?"

"मी. एक पर्याय बदलला फक्त."

"मग मला नको."

"आई, असं काय करतेस? दिसतोय ना तो!"

"दिसतोय. ह्याने बसवलाय म्हणून बसलाय." त्या माझ्याकडे वळल्या. रागावल्या नव्हत्या. "बाळा, तू चांगलाच आहेस. पण त्याच्या मशीनवर मी गेले की तो जायचा, आणि हे त्याला दिसत होतं. रोज खेळायचा तो. मला सांग, त्याला ते चालत होतं का? की त्यालाही वाटायचं, हे असं नको? तू काय करू शकतोस ते सोड. तो काय करू शकला असता?"

मी सांगितलं, कारण हे मला येत होतं. त्या काळात सगळेच ह्यात अडकायचे. त्यावर एकच युक्ती होती. नंबर कायमचे द्यायचे नाहीत. फिरवत राहायचे. एका क्षणाला हा शेवटचा, दुसऱ्या क्षणाला तो. इतक्या भराभर की प्रत्येक जण थोडा थोडा वेळ नाहीसा होतो आणि कोणीच पूर्ण जात नाही. सगळे लुकलुकतात, पण सगळे असतात.

"सगळे?"

"सगळे."

"मीसुद्धा?"

"तुम्हीसुद्धा. सगळ्यांनी थोडं थोडं जायचं."

काकूंनी मिरचीची बरणी उचलली आणि मूळ जागी ठेवली. मग लिंबाची.

"ह्याला वेळ किती लागतो रे?" त्यांनी विचारलं. "असं करायला?"

"ज्याने एवढा खेळ लिहिला त्याला?" मी म्हणालो. "सुचलं की काही नाही. पाच मिनिटं."

बरणी त्यांच्या हातातून टेबलावर जरा जोरात टेकली.

३५

ही ओळ मध्ये घालायची आहे.

त्या मशीनवर प्रोग्रॅमच्या ओळींना दहा-दहाचे आकडे देत. दहा, वीस, तीस. कारण लिहिणाऱ्याचं मागे काहीतरी राहून गेलेलं असतंच. ते मागाहून लिहायचं, त्याला मधला आकडा द्यायचा, आणि मशीन त्याला गुपचूप त्याच्या जागी नेऊन ठेवतं. मला ही गोष्ट ह्या इथे कळली. तुम्ही ती हवी तिथे नेऊन ठेवा.

काकू म्हणाल्या:

मी त्याला हाक मारत होते. पानं घेतली होती. तुझ्या आजीला भूक निघत नसे, ती पाटावर बसून ताटली वाजवत होती. तू आतल्या खोलीत अभ्यास करत होतीस, वृंदा, तुला ऐकू आलं असेल. निनाद, जेवूक ये. निनाद, जेवूक ये रे. चार हाका मारल्या. हा टीव्हीपुढे. सकाळपासून टीव्हीपुढेच. अंघोळ नाही. मी जाऊन पाठीशी उभी राहिले. त्याने मान पण वळवली नाही. म्हणाला, "थांब गो आई, पाच मिनिटं. एवढं नीट करू दे."

मी म्हटलं, तुझी पाच मिनिटं मला माहीत आहेत.

भात निवत होता. मी भिंतीतला प्लग उपटला.

टीव्हीवर मध्ये एक पांढरा ठिपका राहिला. तो बारीक होत गेला. तो त्या ठिपक्याकडे बघत होता, माझ्याकडे नाही. ठिपका गेल्यावर म्हणाला, "कॅसेटवर घेतलं नव्हतं गो मी."

मला काय कळणार कॅसेटवर घेणं म्हणजे काय? मी म्हटलं, जेव आणि मग घे.

तो उठला. माझ्या अंगावरून गेला, दारात चप्पल पण घातली नाही. ऊन एवढं होतं. मी म्हटलं, पाय भाजले की येईल परत.

त्याचं पान मी झाकून ठेवलं.

७०

वृंदाताई उठून आईच्या मागे जाऊन उभ्या राहिल्या. खांद्याला हात लावला नाही. नुसत्या उभ्या राहिल्या.

"मला ऐकू आलं होतं," त्या म्हणाल्या. "हाका ऐकू आल्या होत्या. प्लगचं नव्हतं माहीत."

"कसं सांगणार?"

बाहेर कोणीतरी सायकलवरून मासे घेऊन ओरडत गेलं. ते गेल्यावर काकूंनी मला विचारलं, "हेच नीट करत होता का रे तो?"

हो म्हणणं किती सोपं होतं.

"मला माहीत नाही, काकू. ते कॅसेटवर नाही. कॅसेटवर त्याच्या आधीचं आहे."

"बघ तरी."

मी त्याच्या ओळी वरपासून वाचायला घेतल्या. घर. जिना. बाबांचं घड्याळ. बहिऱ्या आजीसाठी दोन हाका. पोराचं लिखाण स्वच्छ होतं, कुठे एक आकडा वाया नाही. मी शेवटपर्यंत गेलो, परत वर आलो, पुन्हा गेलो. त्या दोघी माझ्या तोंडाकडे बघत होत्या, डॉक्टरकडे बघावं तशा.

"बाकी सगळं चालतंय," मी म्हणालो.

"म्हणजे?"

"म्हणजे नीट करण्यासारखं ह्यात दुसरं काही नाही. हे एवढंच राहिलंय."

काकूंनी मान हलवली. कितीतरी वेळ त्या मान हलवत राहिल्या. पहिल्यांदा ती हो अशी होती, मग ती नुसतीच हलत राहिली. मी एक गाठ सोडवली होती आणि तिच्याखाली दुसरी होती, हे मला दिसत होतं. आजवर त्यांना वाटत होतं तो आपल्यापासून उठून जातो. आता कळलं होतं की आई आली तरी आपण दिसावं, एवढ्यासाठी तो त्या दुपारी टीव्हीपुढे बसला होता, आणि तेवढ्यात त्या आल्या होत्या.

कुठली गाठ हलकी, ते मला आजही सांगता येत नाही.

"कर मग," त्या म्हणाल्या.

"काय?"

"त्याचं राहिलेलं. तुझ्या सोंगात काही करू नको. ते आधी होतं तसं कर, चारच काढणारं. आणि मग त्याच्या खेळात, तो करणार होता तसं."

मी पर्याय परत 'हो' केला. मग निनादच्या ओळींमध्ये, त्याच्या आकड्यांच्या मधल्या जागांत, माझ्या ओळी घालत गेलो. दहा-दहाच्या त्या जागा त्याने सोडलेल्याच होत्या. जन्मात एवढं कमी लिहायला मला एवढं जड गेलं नव्हतं. बोटं त्याच्यासारखी चालावीत म्हणून मी हळू लिहीत होतो. काकू पाठीशी येऊन उभ्या राहिल्या. त्यांचा श्वास मला मानेवर लागत होता. त्या काही बोलल्या नाहीत. एकदाही नाही.

झाल्यावर मी पहिली गोष्ट केली ती म्हणजे जतन केलं. ते करताना मोठ्याने म्हणालो, "घेतलं."

८०

खेळ काकूंनीच सुरू केला.

घर रेघ रेघ करत उमटलं. त्यांनी बाबांना हाक मारली. ताईला मारली. आजीला दोनदा मारली. मुलगा उड्या मारत उतरला आणि दाराजवळ बसला. चौघं स्थिर, रेखीव.

आईने ताट घेतलं आणि जिना उतरली. शेवटच्या पायरीवर काकूंचं बोट थांबलं. वृंदाताईंनी माझा दंड धरला होता.

काकूंनी कळ दाबली.

आईचं पाऊल पडवीत पडलं आणि सगळी पंगत थरथरली. दिव्याच्या ज्योती वाऱ्यात फडफडाव्यात तसे सगळे लुकलुकायला लागले. बाबा त्यांच्या टोपीसकट पातळ झाले, त्यांच्यातून भिंत दिसायला लागली. आजी, ताई, सगळे पातळ. हिरव्या लुगड्यातली आईही. आणि टोकाला तो. त्याच्यातून दार दिसत होतं. पण तो होता. आई एकेक पाऊल टाकत रांगेसमोरून गेली. बाबांना वाढलं. बाबांचा हात तोंडाकडे जायला लागला. परत वर, परत खाली. आजीला. ताईला. प्रत्येक वेळी ती खाली आली की सगळ्यांनी आपापल्यातलं थोडं थोडं दिलं, आणि कोणीही गेलं नाही.

शेवटचं ताट घेऊन ती त्याच्यासमोर उभी राहिली. दोघंही लुकलुकत होते. एकाच तालात नाही. ती असे तेव्हा तो नसे असंही एखाददा होत होतं.

"वाढ," वृंदाताई कुजबुजल्या.

काकूंनी वाढलं.

मुलाने मान खाली घातली. ठोकळ्यांचा हात ताटाकडे गेला, तोंडाकडे आला. पुन्हा गेला, पुन्हा आला. पुढे काही नव्हतं. शाबासकी नाही, आकडे नाहीत. ते त्याने लिहिलंच नव्हतं. पंगत नुसती जेवत राहिली आणि आई समोर उभी राहिली.

मी मागे सरलो. माझं तिथे काही उरलं नव्हतं. वृंदाताई स्वयंपाकघरात गेल्या, भांड्यांचे आवाज आले, भाताची वाफ बाहेर आली. त्यांनी मला हात धुवायला मोरी दाखवली, पानं घेतली. कपाट थोडं सरकवून खाली पडवीतच घेतली, का ते मी विचारलं नाही.

"आई, जेवूक ये."

काकू पडद्यासमोर हलल्या नाहीत. निळा-हिरवा उजेड त्यांच्या चष्म्यावर लुकलुकत होता.

"आई, निवतंय गो सगळं. ये जेवूक."

"थांब गो," काकू म्हणाल्या. मान वळवली नाही. "पाच मिनिटं."

वृंदाताई वाडगा हातात धरून दारात उभ्या राहिल्या. लॅपटॉपची वायर टेबलावरून खाली उतरून भिंतीपर्यंत गेली होती, प्लगपर्यंत. त्यांनी तिकडे बघितलं. मग तिच्यावर पाय पडू नये म्हणून मोठं पाऊल टाकून त्या पलीकडे गेल्या, आणि आपल्या पानावर जाऊन बसल्या.

मीही बसलो.

वाट बघत आम्ही दोघं बसून राहिलो, आणि भात निवला.